पावणेचौदा व्होल्ट

तकुआरेम्बोत ऑगस्ट म्हणजे हाडं गोठवणारी थंडी.
पत्र्याच्या शेडमध्ये माझी रेनो, चौऱ्याहत्तरची.
तिचं इंजिन मी भंगारात घातलं
आणि त्या पोकळीत फोर्कलिफ्टची मोटर बसवली.
मागच्या सीटखाली अठ्ठेचाळीस सेल,
दीडशे व्होल्ट, माणूस मारायला पुरेसे,
तरी परवा रात्री पुलावर
हेडलाइट मिणमिणले
आणि वायपर काचेच्या मधोमध थांबला,
बोलता बोलता नाव विसरावं तसा.

भाचा म्हणाला, कन्व्हर्टर गेला, मावशी, नवा मागव.
भाच्याचं नाव एदिसन.
आमच्याकडे नाव ठेवताना कुणी पुढचा विचार करत नाही.
मी तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेत.
'गेला' हा शब्द मी सगळ्यात शेवटी वापरते.

आधी मोठा प्लग उपसला. दहा मिनिटं थांबलो, माते प्यायलो.
कपॅसिटरच्या पोटात वीज रेंगाळते,
निघालेला पाहुणा उंबऱ्यात बोलत राहतो तशी.
मग जोडण्या चाचपल्या, प्लग परत लावला, दिवे पेटवले.
एक हात खिशात ठेव, मी म्हटलं.
थंडीसाठी नाही रे.
दोन्ही लावलेस तर तिचा रस्ता छातीतून जातो.

कन्व्हर्टरच्या तोंडाशी मीटर म्हणाला: पावणेचौदा.
चोख.
बॅटरीच्या तोंडाशी: साडेअकरा.
म्हणजे वाटेत कुणीतरी सव्वादोन खात होतं,
आणि आम्ही निघालो होतो
रेड्याच्या रोगावर पखालीला औषध द्यायला.

लाल तार तपासली, ती निर्दोष.
मग एक टोक कन्व्हर्टरच्या उण्या बाजूला,
दुसरं गाडीच्या सांगाड्याला.
सव्वादोन.
बोल्ट सोडला. कडीखाली निळा रंग.
माझाच. गेल्या उन्हाळ्यात दिलेला,
तीन हात, मधेमधे पॉलिश पेपर मारून,
गंज लागू नये म्हणून एकही कोपरा न सोडता.
एदिसन हसला नाही. त्याने चाकू पुढे केला.
नाण्याएवढी जागा खरवडली, तेव्हा पत्रा चकाकला.

चार्जरचं दुखणं निराळं.
घरी लावला की भिंतीवरचा गळतीचा स्विच खटकन पडतो.
वालदेमारच्या बेकरीत मात्र रात्रभर चालतो बिनबोभाट.
महिनाभर मी तिथेच लावत होते,
बदल्यात त्याच्या मिक्सरचे ब्रश बदलून दिले,
आणि घराच्या वायरिंगला शिव्या घातल्या.
काल बेकरीचा बोर्ड उघडून पाहिला.
तिथे गळतीचा स्विचच नाही.
घर ओरडत होतं ते खरं होतं.
बेकरी विचारतच नव्हती,
आणि मी तिच्या ओल्या फरशीवर उभी राहून
रोज पहाटे ती वायर काढत होते.

चार्जरचं झाकण काढलं. आत मुंग्या,
उबेला आलेल्या, मेलेल्या,
टर्मिनलपासून पत्र्यापर्यंत काळी ओलसर रेघ.
एदिसनने एक नखावर घेतली.
हिने स्विच पाडला?
एकटीने नाही, मी म्हटलं, आणि ब्रश आणायला गेले.
साफ केलं, वाळवलं, भोकांवर बारीक जाळी बसवली.
मग घरच्याच प्लगला लावून
दोघं भिंतीकडे बघत बसलो,
कुणी बोललं तर तो पडेल अशा बेताने.
पाच मिनिटं. वीस. माते गार झाला.

उद्या वालदेमारकडे स्विच घेऊन जायचंय.
तो म्हणेल, बाई, इतकी वर्षं काही झालं नाही.
त्याला कसं सांगू,
कन्व्हर्टरही स्वतःच्या तोंडाने पावणेचौदाच म्हणत होता.

वायपर अजून मधेच थांबतो.
त्याचं कारण दुसरंच असणार.